विझवलेली मशाल आणि जळालेले छत

पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात पाऊण मीटरच्या आसपास व्यासाचे एक गोल तैलचित्र आहे. ओझेन देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने ते १८५२ च्या सुमारास एका मोठ्या छतचित्राचा आराखडा म्हणून काढले. खालच्या भागात शोकाकुल पृथ्वी आकाशाकडे डोळे लावून आपल्या हालांचा शेवट मागते आहे. तिच्या आसपास यादवीने ताटातूट झालेले आप्त पुन्हा भेटून एकमेकांना मिठी मारत आहेत, कोणी मृतांना उचलते आहे, आणि एक सैनिक आग लावणारी मशाल पायाखाली चिरडून विझवतो आहे. वर ढगांवरून शांतिदेवता येते आहे, तिच्याबरोबर समृद्धी आणि परागंदा झालेल्या कलादेवता परतत आहेत. सेरेस ही धान्याची देवता युद्धदेव मार्सला मागे रेटते आहे, कलह उजेड सोसवेनासा होऊन पळ काढतो आहे, आणि सिंहासनावरचा ज्युपिटर या उपद्रवी दैवतांना अजूनही धाक घालतो आहे. खरे सांगायचे तर यातले निम्मे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. देलाक्रवाच्या काळातले लेखी वर्णन हाताशी असले म्हणजेच अमुक ठिपका मार्स आणि तमुक फटकारा कलह हे कळते. एरवी दिसतो तो वरून उतरणारा उजेड, त्याच्या कडेने फिरणारे ढग आणि तळाशी साचलेला अंधार.

ज्या छतासाठी हा आराखडा होता ते आज अस्तित्वात नाही. पॅरिसच्या नगरभवनातील शांतिदालनाचे ते छत. मधोमध हे वर्तुळ, त्याच्या भोवतीच्या आठ चौकटींत आठ देवता आणि भिंतींच्या माथ्यावरील अकरा अर्धगोल जागांत हर्क्युलिसच्या आयुष्यातील अकरा प्रसंग, असा एकूण संसार होता. देलाक्रवा त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला, मानमान्यता मिळालेला आणि गंमत म्हणजे स्वतःच पॅरिसच्या नगरपरिषदेचा सदस्य असलेला माणूस होता. १८५४ च्या वसंतात दालन खुले झाले आणि पुढे सतरा वर्षे त्याच्या छताखाली शहराचे समारंभ पार पडले. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झाले, पॅरिसला वेढा पडला, पराभव झाला, आणि १८७१ च्या मार्चमध्ये याच नगरभवनासमोर कम्यूनची, म्हणजे सरकारविरुद्ध उठलेल्या पॅरिसकरांच्या स्वतंत्र नगरशासनाची, घोषणा झाली. मे महिन्यात सरकारी फौजा शहरात शिरल्या आणि रस्त्यारस्त्यावर कत्तल सुरू झाली. मागे हटणाऱ्या कम्यूनवाल्यांनी २४ मे १८७१ रोजी नगरभवन पेटवून दिले. त्या आगीत शहराचे दफ्तरही गेले. १८६० पूर्वीच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींची एक प्रत इथे होती आणि दुसरी न्यायालयाच्या इमारतीत. न्यायालयही त्याच दिवसांत जळाल्यामुळे लाखो पॅरिसकरांची कुळकथा दोन्ही ठिकाणी एकदमच पुसली गेली. माणसांचे दाखले नंतरच्या काळात कुटुंबांकडचे आणि चर्चमधले कागद गोळा करून काही अंशी पुन्हा लिहिले गेले. छत पुन्हा लिहिण्याची सोय नव्हती.

शांतीच्या नावाने रंगवलेले दालन यादवीत जळावे, आणि त्यातही मशाल विझवणारा सैनिक मशालींनीच नष्ट व्हावा, हा विरोधाभास इतका आयता हाती येतो की त्याविषयी लिहिणाऱ्या कोणालाही तो टाळणे जड जाते. मीही वरच्या परिच्छेदात तो टाळलेला नाही. तरीही तो मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण त्याने चित्राविषयी काहीच कळत नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या दुसऱ्या साम्राज्याच्या काळात शांतिदालन रंगवून घेणाऱ्या शहराला १८४८ च्या रस्त्यावरच्या लढाया चांगल्या आठवत होत्या, आणि ‘यादवीने दुरावलेले आप्त’ हा विषय पुराणातून नव्हे तर चार वर्षांपूर्वीच्या जूनमधून आलेला होता. म्हणजे देलाक्रवाने भविष्य वर्तवले नव्हते. होऊन गेलेल्या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे सरकारी काम त्याने, आपल्या परीने मन लावून, केले होते. आग लागण्याच्या आधीही त्या छतात हा ताण होताच. माझे कुतूहल वेगळे आहे. चित्र गेल्यावर मागे राहिलेल्या कच्च्या कागदांकडे आपण कसे पाहतो, आणि तसे पाहणे कितपत रास्त आहे, एवढ्यापुरते ते मर्यादित आहे.

देलाक्रवाची कामाची रीत इथे सांगायला हवी. मोठे काम हाती आले की तो आधी ढिगाने रेखाटने करी. शिसपेन्सिल, कधी बोरू आणि शाई, कधी पातळ कागदावर गिरवून घेतलेली आकृती. माणूस काढताना तो बाह्यरेषेपासून सुरुवात करत नसे. ग्रीक शिल्पकार आकृतीच्या मध्यापासून, तिच्या घनतेपासून निघतात आणि नंतरच्या काळातले लोक रेषेपासून निघतात, असे तो म्हणत असे. त्यानुसार त्याच्या कागदांवर छाती, पोट, मांडी, डोके यांचे लंबगोल आधी येतात, एकमेकांवर चढतात, आणि अंगाची कड त्यांच्या घोळक्यातून हळूहळू निश्चित होत जाते. एकाच खांद्याच्या तीन-चार रेषा शेजारी शेजारी असतात, त्यांतली एकही खोडलेली नसते. हात वर उचललेला आणि तोच हात खाली आलेला, असे दोन्ही एकाच धडाला जोडलेले दिसतात. वेगाचे त्याला भारी प्रेम होते; चौथ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारलेला माणूस जमिनीवर पोहोचण्याच्या आत ज्याला त्याचे रेखाटन करता येत नाही त्याच्या हातून मोठे काम कधी होणार नाही, असे तो एका तरुणाला म्हणाल्याचे कवी आणि कलासमीक्षक बोदलेरने नोंदवून ठेवले आहे. हे वाक्य नेहमी धडाडीचे म्हणून उद्धृत केले जाते, पण कागद पाहिले की त्यातला व्यवहार कळतो. त्याला पडणाऱ्या माणसाचे चित्र नको असते, पडण्याची दिशा हवी असते. बाकीचे सावकाश जमवता येते.

त्यानंतर रंगांतला आराखडा होई, कार्नाव्हालेतल्या त्या वर्तुळासारखा, आणि मग प्रत्यक्ष मापात वाढवण्याचे काम पिएर आंद्रियसारख्या सहायकाकडे जाई. वाढवायचे कसे, तर चौकटी आखून. आपल्याकडे सिनेमाचे अजस्र फलक हाताने रंगवले जात तेव्हा छायाचित्रावर आखलेल्या बारीक चौकटींतली नायिका फलकावरच्या मोठ्या चौकटींत एकेक घर करून उतरवली जाई, अगदी तसेच. या टप्प्यावर रेखाटनाचा उद्धटपणा संपतो. ज्या तीन-चार रेषा खांद्यासाठी एकमेकींशी भांडत होत्या त्यांतली एकच घरात बसते. छतासाठी तर आणखी एक हिशेब असतो: खालून मान वर करून पाहणाऱ्याला आकृत्या आखूड दिसतात, म्हणून काही अवयव जाणूनबुजून लांबवावे लागतात, आणि कागदावर बरोबर असलेली गोष्ट वर नेताना चुकीची करून घ्यावी लागते. शांतिदालन पुरेसे उजेडाचे नव्हते. कॅनव्हास जागेवर चढल्यावर रंग कार्यशाळेतल्यापेक्षा काळवंडलेले दिसू लागले, आणि देलाक्रवाला तिथे जाऊन ते पुन्हा उजळत बसावे लागले.

हे सगळे लक्षात घेतले की कच्चे चित्र हा हरवलेल्या चित्राचा किती अवघड साक्षीदार आहे हे कळते. त्याने घटना पाहिलेलीच नसते. तो तिच्या आधी उठून गेलेला असतो. कागदावर दोन हात असतील तर छतावर कोणता गेला हे तो सांगू शकत नाही. अंधारासाठी केलेली उजळणी त्याला ठाऊक नसते. आखूडपणासाठी लांबवलेली मांडी त्याच्यात नसते. उलट जे कधीच छतावर नव्हते, चौकटीत बसताना गळून पडले, ते त्याच्यात ठळकपणे हजर असते. चित्र टिकलेले असते तेव्हा हा दोष जाणवत नाही, कारण आपण दोन्ही शेजारी ठेवून ‘इथे त्याने बेत बदलला’ असे म्हणतो आणि खूश होतो. चित्र गेले की त्याच कागदाला एकदम दोन कामे करावी लागतात. तो स्वतःही राहायचा आणि दुसऱ्याची जागाही भरायची. संग्रहालयातल्या पाटीवर ‘नष्ट झालेल्या छताचा आराखडा’ असे लिहिलेले वाचताच डोळे त्याच्याकडून जी अपेक्षा करू लागतात ती त्याला पेलवण्यासारखी नसते.

पॅरिसच्या शहरी संग्रहालयांनी २०२० च्या जानेवारीत आपल्या संग्रहातील एक लाखाहून अधिक कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या, आणि पाठोपाठ २०२१ मध्ये लुव्रनेही आपला संग्रह संगणकावर मांडला. तेव्हापासून माझ्यासारख्या पुण्यात बसून पाहणाऱ्याला हे कागद हवे तितके मोठे करून पाहता येतात. त्यातली सोय मोठीच आहे. तरी प्रतिमा डोळ्यांसमोर उभी असते आणि छत तर डोक्यावर असते. एकदा मी अंथरुणावर उताणा पडून फोन दोन्ही हातांनी वर धरून ते वर्तुळ पाहिले. प्रयोग हास्यास्पद होता, हात लवकर भरून आले, पण एक गोष्ट कळली. उभ्या भिंतीवर पाहताना तळाचा अंधार हा चित्राचा पाया वाटतो, जड वस्तू खाली असाव्यात तसा. डोक्यावर धरल्यावर तोच अंधार एका कडेला जातो आणि मधला उजेड छताला भोक पडल्यासारखा वरवर सरकतो. देलाक्रवाने लुव्रच्या अपोलो दालनाचे छत नुकतेच, १८५१ मध्ये, पूर्ण केले होते, आणि डोक्यावरच्या चित्राला खालची-वरची बाजू असूनही नसते हे त्याला पक्के माहीत होते.

त्याने स्वतः कच्च्या आणि पक्क्या चित्राचा विचार किती बारकाईने केला होता हे त्याच्या रोजनिशीत सापडते, आणि तो विचार नेमका या छताचे काम अपुरे असतानाचा आहे. १३ एप्रिल १८५३ च्या नोंदीत तो म्हणतो की चित्र पूर्ण करायचे तर ते थोडे बिघडवावेच लागते. शेवटचे हात सगळ्या भागांचा मेळ घालतात खरे, पण त्यात ताजेपणा जातो. आठवड्याभराने, २० एप्रिलला, संगीतकार शोपँचा मित्र ग्झिमावा त्याच्याकडे बोलत बसला होता. शोपँ पियानोवर आयत्या वेळी जे वाजवी ते त्याच्या लिहून पुऱ्या केलेल्या रचनांपेक्षा धाडसी असे, असे ग्झिमावाचे म्हणणे पडले. देलाक्रवा त्यावर लगेच मान डोलावत नाही. पुरे करण्याने चित्र बिघडतेच असे नाही, असे तो आधी म्हणतो; मात्र पूर्ण कृतीत कल्पनाशक्तीला हिंडायला जागा कमी राहते हे तो मान्य करतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा तपशील अजून उमटलेला नसतो तेव्हा ती वेगळाच परिणाम करते, आणि पडकी वास्तू तिच्या नसलेल्या भागांमुळे अधिक भिडते. पूर्ण झालेली इमारत कल्पनेला एका वर्तुळात कोंडते. कच्चे चित्र आपल्याला आवडते ते कदाचित प्रत्येकजण ते आपल्या मनाप्रमाणे पुरे करतो म्हणून.

शेवटचे वाक्य आज फार लाडके झाले आहे. संग्रहालयांना ते आवडते, कारण त्यांच्याकडे कच्चे कागद भरपूर असतात; आपल्यालाही आवडते, कारण त्याने पाहणाऱ्याला निर्मात्याच्या शेजारी खुर्ची मिळते. जळालेल्या छताच्या बाबतीत तर ते सांत्वनासारखे वापरता येते: छत गेले, पण आराखडा राहिला, आणि स्वतः चित्रकारच सांगून गेला आहे की आराखड्यात अधिक काही असते. मला ही पळवाट वाटते. देलाक्रवा ‘कदाचित’ म्हणतो, आणि हे लिहून झाल्यावर तो दुसऱ्या दिवशी पक्के करण्याच्या कामालाच लागतो. पडक्या वास्तूचे कौतुक करणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी एक अखंड छत तयार होत होते. आराखड्यात जो मोकळेपणा आहे तो त्याला पक्के काम पुढे होणार असल्यामुळे परवडला. सैनिकाचा चेहरा न काढता पुढे जाता आले, कारण चेहरा नंतर काढायचाच होता. तो चेहरा आपण ‘आपल्या मनाप्रमाणे’ पुरा करू शकतो असे म्हणणे ठीक आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी तो कधी पुरा केलेला नाही. माझ्या मनात तिथे एक ठिपकाच राहतो, आणि मशालीच्या जागी एक तांबूस फटकारा.

साक्षीदाराची परीक्षा घेण्याची एक जागा मात्र सुदैवाने, किंवा दुर्दैवाने, शिल्लक आहे. १८५४ मध्ये, शांतिदालन खुले झाले त्याच वर्षी, देलाक्रवाला सरकारकडून सिंहाच्या शिकारीच्या मोठ्या चित्राचे काम मिळाले. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले, अनेकांनी त्याला गोंधळ म्हटले, आणि बोदलेरने रंगांचा खराखुरा स्फोट म्हणून त्याची पाठराखण केली. पुढे ते बोर्दो शहराकडे गेले आणि १८७० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नगरभवनाला लागलेल्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला. (या चित्रकाराचे नगरभवनांशी वाकडेच होते असे म्हणायची पाळी येते.) खालचा भाग वाचला आणि बोर्दोच्या संग्रहालयात तो आजही आहे. रंगांतला आराखडा पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. शिवाय बोर्दोचाच असलेल्या ओदिलाँ रदाँ या चित्रकाराने तरुणपणी, आगीच्या आधी, मूळ चित्राची नक्कल करून ठेवली होती, म्हणून जळालेल्या भागात काय होते तेही कळते.

आता आराखडा आणि वाचलेला भाग शेजारी ठेवावेत. आराखड्यात जनावर आणि माणूस यांची सीमा जवळजवळ नाहीच. तांबडे, पिवळे आणि हिरवे पट्टे एकमेकांत घुसतात आणि पाहणाऱ्याला आधी झटापट दिसते, मग बऱ्याच वेळाने घोडा सापडतो. विसाव्या शतकातली अमूर्त चित्रे पाहून आलेल्या डोळ्यांना हे फारच जवळचे वाटते आणि देलाक्रवा आपल्या काळाच्या शंभर वर्षे पुढे होता असे भरभरून लिहिले जाते. वाचलेल्या भागात मात्र जमिनीवर पडलेल्या घोड्याला वजन आहे, पंजाखाली कातडी दबते, आणि आडव्या झालेल्या माणसाच्या अंगावरचे कापड कापडासारखे चुरगळते. इथे भीती आहे. आराखड्यात वेग होता, पण भीती नव्हती. भीतीसाठी कोणाला काय इजा होते आहे ते कळावे लागते. मला वाचलेले अर्धे चित्र आराखड्यापेक्षा मोठे वाटते, आणि ही आवड सध्याच्या रुचीच्या उलट आहे हेही मला कळते. त्यावरून शांतिदालनाबद्दल एवढेच अनुमान करता येते की आराखडा पाहून जे आपल्याला आवडते आहे त्यातले बरेच छतावर नव्हते, आणि छतावर जे होते त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मिठी मारणाऱ्या माणसांची शरीरे, त्या कागदाला माहीत नाही.

जाता जाता ओर्सेविषयी. १८२६ मध्ये, ऐन उमेदीत, देलाक्रवाने राज्यपरिषदेसाठी सम्राट जस्टिनियन आपले कायदे रचतो आहे असे चित्र काढले होते. राज्यपरिषद ज्या ओर्से प्रासादात पुढे भरे तो प्रासाद नगरभवनाच्या आदल्या दिवशी, २३ मे १८७१ ला जळाला आणि जस्टिनियन त्यात गेला. भग्न प्रासाद पंचवीसेक वर्षे तसाच उभा होता. मग तिथे रेल्वे स्थानक झाले, ते १९०० मध्ये सुरू झाले, आणि १९८६ मध्ये स्थानकाचे संग्रहालय झाले. बोर्दोच्या जळक्या चित्राचा आराखडा आज टांगलेला आहे तो या जागेवर. याआधी १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या पाले-रुआयाल राजवाड्याच्या लुटीत त्याचे कार्डिनल रिशल्यूचे चित्र नष्ट झाले होते. त्या वर्षीची रोजनिशी असती तर त्याला काय वाटले ते कळले असते, पण ती वही तो भाड्याच्या गाडीत विसरला आणि ती पुन्हा मिळाली नाही.

कच्चे कागद टिकले, कारण ते त्याने जपले. पक्की चित्रे राजवाड्यांत, चर्चमध्ये, नगरभवनांत गेली आणि तिथल्या राजकारणाच्या हवाली झाली. रेखाटने त्याच्या कार्यशाळेतल्या कपाटांत राहिली. १३ ऑगस्ट १८६३ रोजी तो वारला तेव्हा ती किती आहेत याची त्याच्या मित्रांनाही कल्पना नव्हती. मृत्युपत्रात त्याने ती विकावीत असे लिहिले होते. कलासमीक्षक फिलिप बुर्तीने यादी केली, आंद्रियसारख्यांनी कोणता कागद कोणत्या कामाचा ते सांगितले, आणि १८६४ च्या फेब्रुवारीत द्रुओ लिलावगृहात दोन आठवडे विक्री चालली. एक लाख फ्रँक येतील असा अंदाज होता. साडेतीन लाखांच्या वर आले. आल्फ्रेद रोबोने पुढे १८८५ मध्ये त्याच्या सगळ्या कामाची सूची छापली, तिच्यातला जमाखर्च असा: ८५३ तैलचित्रे, १,५२५ पेस्टल आणि जलरंगातली कामे, २४ कोरीव ठसे, १०९ शिळाछाप आणि ६,६२९ रेखाटने. चित्रकलेच्या इतिहासात ज्याला रंगांचा माणूस म्हणून बाजूला काढले गेले त्याच्या कामात तीन-चतुर्थांशाच्या जवळचा हिस्सा रंग नसलेल्या कागदांचा आहे.

त्या लिलावातल्या कागदांवर कोपऱ्यात ‘ई. दे.’ या रोमन आद्याक्षरांचा लहानसा तांबडा शिक्का असतो. मृत्यूनंतर, विक्रीच्या आधी, तो मारला गेला. मोठ्या केलेल्या प्रतिमेत तो पाहावा. काही ठिकाणी तो रेखाटनाच्या इतका जवळ बसलेला असतो की हर्क्युलिसच्या टाचेला चिकटतो, काही ठिकाणी वाकडा, काही ठिकाणी शाई कमी पडल्यामुळे अर्धाच. हजारो कागदांवर एकामागून एक शिक्के मारणाऱ्या माणसाचा कंटाळा त्यात स्पष्ट दिसतो. १८६४ मध्ये शिक्का मारला जात होता तेव्हा शांतिदालन धडधाकट होते आणि हे कागद म्हणजे वर चढून गेल्यावर बाजूला ठेवलेल्या शिड्या होत्या. विकत घेणाऱ्यांनी ते देलाक्रवाच्या हाताची आठवण म्हणून घेतले, छताचा पुरावा म्हणून नव्हे. म्हणूनच एका कामाचे कागद एकत्र राहिले नाहीत. सात वर्षांनी त्यांचा अर्थ बदलला तेव्हा ते आधीच विखुरलेले होते.

त्याच आगीत, त्याच इमारतीत, देलाक्रवाचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी, रंगापेक्षा रेषेला मान देणारा चित्रकार अँग्र, याचेही छत जळाले. सम्राटाच्या दालनात त्याने १८५३ मध्ये पहिल्या नेपोलियनचे स्वर्गारोहण रंगवले होते. १८५४ च्या मे महिन्यात देलाक्रवाने ते पाहिले आणि रोजनिशीत प्रमाणांवरून त्याची चांगलीच हजेरी घेतली: खालून पाहताना आकृत्या किती घटतील याचा हिशेबच या गृहस्थाने केलेला नाही, असा त्याचा आक्षेप होता. टीका खरी होती की मत्सराची हे आता ठरवता येत नाही, कारण दोघांचीही छते नाहीत. दोघांचे आराखडे आज एकाच शहराच्या मालकीचे आहेत. अँग्रचा आराखडा पाहिला तर तो छोटा पण पुरा आहे, त्यात रथ, घोडे, मुकुट सगळे जागच्या जागी आहे, आणि त्यावरून त्याचे छत डोळ्यांसमोर आणणे तुलनेने सोपे जाते. रेषेच्या माणसाचा कागद अधिक भरवशाचा साक्षीदार निघावा आणि ज्याच्या कच्च्या चित्रांवर आपण जीव टाकतो त्याचा कागद अडखळावा, यात नवल नाही, तरी मला ते मान्य करायला वेळ लागला.

जळालेल्या इमारतीच्या जागी नवे नगरभवन १८८२ मध्ये उघडले. बाहेरून ते जुन्यासारखे बांधले. आतली दालने वेगळी केली आणि नव्या चित्रकारांना दिली. त्यांत प्युव्हिस द शाव्हान होता. तो तरुणपणी देलाक्रवाच्या कार्यशाळेत शिकायला गेला होता, पण गुरूने ती थोड्याच दिवसांत बंद केली, आणि पुढे शिष्याने जी फिकट, स्तब्ध, सपाट भिंतचित्रे काढली त्यांत त्या काही दिवसांचा मागमूस नाही. शांतिदालन पुन्हा रंगवण्याचा कोणी हट्ट धरला नाही, हे मला योग्यच वाटते. आंद्रियने केलेल्या नकला होत्या, वर्णने होती, आराखडा होता. त्यांवरून एक बरे छत उभे करता आले असते आणि ते आंद्रियचे झाले असते.

देलाक्रवाने स्वतः मात्र एका अर्धगोलाकडे पुन्हा एकदा वळून पाहिले होते. हर्क्युलिसच्या अकरा प्रसंगांत एक अल्सेस्तिसचा होता: नवऱ्याच्या बदली मरण पत्करलेल्या या राणीला हर्क्युलिस पाताळातून परत आणतो आणि तिच्या नवऱ्याच्या हाती देतो. १८६२ मध्ये, मरणाच्या वर्षभर आधी, त्याने हाच विषय लहान तैलचित्रात काढला. ते आज वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे. छत तेव्हा शाबूत होते, त्यामुळे वाचवण्यासाठी म्हणून त्याने ते काढले नव्हते. विषय आवडता होता आणि जुनी रेखाटने कपाटात होती, एवढे कारण पुरेसे असावे. ती भिंत आता नाही, म्हणून तिच्यावर अल्सेस्तिस कशी उभी होती हे चित्रकाराच्या हातूनच विचारायचे झाले तर वॉशिंग्टन गाठावे लागते, आणि तिथे उत्तर मिळते ते आठ वर्षांनी अधिक म्हातारा झालेल्या, मोठ्या भिंतीऐवजी मांडीवर मावेल एवढ्या पृष्ठभागावर काम करणाऱ्या माणसाचे.